थोरल्या काउंटेससाठी स्थळ पाहणे आहे

माणूस मेल्याशिवाय जागा रिकामी होत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. माणूस मेला तरी जागा रिकामी होत नाही, हा घराण्याचा नियम आहे. या दोन नियमांच्या मध्ये जी फट उरते तिला खानदान म्हणतात, आणि ती फट बायकांनी अंगानं बुजवून धरायची असते.

इंग्लंडात घराणी पुष्कळ, पण थॉर्नमियरच्या अर्लांची गोष्ट वेगळी. चारशे वर्षांत या घराण्यानं लढाई जिंकली नाही, ग्रंथ लिहिला नाही, विहीर खोदली नाही. (एका अर्लानं खोदायला घेतली होती. पाणी लागलं तेव्हा ओल येते म्हणून बुजवून टाकली.) पण दारातून कुणी आधी जायचं आणि कुणी मागून, यात चारशे वर्षांत एकदाही चूक झालेली नाही. बाकीच्या जगानं एवढं एक जरी सांभाळलं असतं तरी जगाचं भलं झालं असतं.

अर्लाची जागा एक. ती थोरल्या मुलाची. धाकटे मुलगे असतात, पण ते सुटं सामान. लागलं तर हाताशी असावं म्हणून ठेवायचं. मुली मोजत नाहीत.

बायकांच्या जागा मात्र दोन. अर्लाची बायको ती काउंटेस. अर्ल वारला आणि मुलगा अर्ल झाला तरी त्याचं लग्न होईपर्यंत आई काउंटेसच राहते. नवी सून आली की आई थोरली काउंटेस होते, डोक्यावरचा हिऱ्यांचा मुकुट सुनेला देते, आणि तळ्यापलीकडच्या थोरलीच्या बंगल्यात राहायला जाते. कशी सोपी रीत आहे! बाई मरायची वाट बघत बसावं लागत नाही, आधीच हलवता येते.

अडचण एवढीच, की थोरलीची जागाही एकच. हयात विधवांत जी सगळ्यांत जुनी ती थोरली. तिच्यानंतरच्या विधवेनं रांगेत उभं राहायचं. आणि रांगेतल्या बाईला काय म्हणायचं? तर तिचं स्वतःचं नाव आधी लावायचं आणि मग काउंटेस म्हणायचं. इथवरही ठीक होतं. पण नवऱ्यानं घटस्फोट दिलेल्या बाईलाही अगदी असंच म्हणतात. भेटीच्या कार्डावर फरक दिसत नाही. नवरा देवाघरी गेला, की बाई व्हायोलिनवाल्याच्या घरी गेली, हे वाचणाऱ्यानं आपल्या मनानं ठरवायचं. (वाचणारे आजवर एकदाही देवाघरी म्हणालेले नाहीत.)

आता युफेमियाकडे येऊ. वय एकसष्ट, चाळीस वर्षं काउंटेस, त्यातली शेवटची अकरा विधवा. शिक्षण: फ्रेंच बोलणं, फुलं रंगवणं, आणि नोकरांकडे न बघता त्यांच्याशी बोलणं. बेरीज येत नव्हती, आणि येत नाही हे ती मान वर करून सांगायची. बेरीज वाण्याच्या पोरींना येते. पण कुणाचा आजा कुठल्या राजाचे जोडे पुसून बॅरन झाला, कुणाची मावशी कुणाच्या दिवाणाबरोबर पळाली होती, हे तिला झोपेतून उठवून विचारा. चूक निघायची नाही.

तळ्यापलीकडच्या बंगल्यात तिच्या सासूबाई ड्रुसिला राहत. वय एक्याऐंशी. चाळीस वर्षांपूर्वी युफेमिया नवरी होऊन आली, आणि तिसऱ्या दिवशी तिनं सासूचे पेटारे बांधून गाडीत घातले. "तिकडची हवा फार चांगली आहे, सासूबाई," असं म्हणाली होती. हवा खरंच चांगली होती. छपरातून सरळ आत यायची. पाऊसही तिच्याबरोबर यायचा.

ड्रुसिलाबाईंनी दर सप्टेंबरात छपराच्या दुरुस्तीचा अर्ज केला. अर्ज आले चाळीस, उत्तरं गेली चाळीस, आणि प्रत्येक उत्तरात एकच वाक्य: "पुढच्या वर्षी बघू." उत्तरांच्या नकला काउंटेसच्या टेबलाच्या खणात, निळ्या फितीनं बांधून, तारीखवार ठेवलेल्या. घराण्याचं दप्तर चोख.

लोक म्हणतात चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. थॉर्नमियरला ही वाटणी कधी पटली नाही. तिथं सगळेच दिवस एकीचे असतात, आणि दुसरीनं ते तळ्याच्या पलीकडून बघायचे असतात.

युफेमियाचा एकुलता एक मुलगा पेरेग्रिन, चौदावा अर्ल. वय अडतीस. त्याला एकच नाद, शेवाळाचा. दगडावरचं शेवाळ, भिंतीवरचं शेवाळ, चर्चच्या मागचं शेवाळ. खिशात डबी, हातात भिंग, गुडघ्याला चिखल. आईनं त्याच्यासाठी सतरा मुली पाहिल्या. त्यातल्या सोळा जणी शेवाळाचं नाव काढताच जांभया देऊ लागल्या. सतरावी, मोर्वेना, म्हणाली, "आमच्या विहिरीत आहे. उतरून बघता का?" दोघं विहिरीत उतरली ती साखरपुडा करूनच वर आली.

मोर्वेनाचा बाप घोड्यांचा डॉक्टर. युफेमियानं विचार करून होकार दिला. घोडा हे जनावर शेवटी घराण्यातलं आहे. गाईंचा डॉक्टर असता तर बोलायला जागा होती.

जूनमधली तारीख ठरली. निमंत्रणपत्रिकेचा नमुना छापून आला. युफेमिया दिवाणखान्यात बसून आपलं नाव किती मोठ्या अक्षरांत आलंय ते बघत होती, तेवढ्यात हॉब्डे बटलर चांदीच्या तबकात एक भेटकार्ड घेऊन आला.

"कोण आलंय?"

"सिबिला, ब्रेकस्टोनची काउंटेस, बाईसाहेब."

सिबिला म्हणजे व्हायोलिनवाली. नऊ वर्षांपूर्वी ब्रेकस्टोनच्या अर्लानं तिला घटस्फोट दिला, आणि तेव्हापासून ती शेजारच्या गावात एकटी राहून दर महिन्याला आसपासच्या सगळ्या मोठ्या घरांत कार्ड पाठवायची. घेत कुणीच नव्हतं. युफेमियानं नेहमीप्रमाणे साखरेच्या चिमट्यानं ते कार्ड उचललं आणि शेकोटीकडे नेलं.

चिमटा अर्ध्यावर थांबला.

जूनमध्ये मोर्वेना काउंटेस होणार. थोरलीची जागा ड्रुसिलाबाईंनी अडवलेली. म्हणजे जूनपासून आपल्या कार्डावर काय येणार? युफेमिया, थॉर्नमियरची काउंटेस. नाव आधी. हुबेहूब असंच. शर्यतीच्या मैदानात राजाच्या राखीव कुंपणाशी, घटस्फोटवाल्यांना आत सोडायचं नाही म्हणून उभा असलेला तो कार्ड तपासणारा, डोळे बारीक करून म्हणणार, "बाईसाहेब, आपण... त्यांतल्या का?" आणि परगण्यातल्या एकोणतीस घरांत एकोणतीस साखरेचे चिमटे.

"बाईसाहेब, हात भाजेल," हॉब्डे म्हणाला.

"भाजू दे," युफेमिया म्हणाली. "आणि सासूबाईंची तब्येत कशी आहे, ते विचारून या."

हॉब्डे चाळीस वर्षं नोकरीत होता. हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. विचारून आला. सासूबाईंची तब्येत उत्तम होती. सकाळी मटणाच्या दोन चापा खाल्ल्या होत्या आणि तिसरी मागितली होती.

घराण्याची नोंदवही पाहिली तेव्हा गोष्ट आणखी स्पष्ट झाली. थॉर्नमियरच्या अर्लांचं सरासरी आयुष्य बावन्न वर्षं. थोरलीच्या बंगल्यात राहिलेल्या विधवांचं एक्क्याण्णव. (ओल बायकांना मानवते, असा निष्कर्ष निघतो. दुसराही एक निघतो, पण तो घराण्यात काढत नाहीत.)

म्हणजे अजून दहा वर्षं. लग्न मोडायचं तर नव्हतं. वारस हवा होता, नाही तर सगळं एका दूरच्या चुलत्याच्या घशात गेलं असतं. लग्न फक्त लांबवायचं होतं, सासूबाईंना जेवढा वेळ लागेल तेवढं. लांबवायला सभ्य कारण हवं. आणि सभ्य माणसांकडे याला एकच कारण चालतं, सुतक. सुतकाचं कोष्टक युफेमियाला पाठ होतं:

आईबाप: एक वर्ष.
आजाआजी: सहा महिने.
काका, मामा, आत्या, मावशी: तीन महिने.
चुलत भावंडं: सहा आठवडे.
नोकर: दुपारपर्यंत.
कुत्रा: मालकाच्या मर्जीवर. (तेराव्या अर्लांनी एकदा आठ महिने पाळलं होतं. स्वतः त्यांचं त्यामानानं लवकर आटोपलं.)

देवाची कृपा अशी, की मे महिन्यातच बाथ गावी नवऱ्याची एक आत्या वारली. तिला तीस वर्षांत कुणी पत्र पाठवलं नव्हतं. युफेमियानं सगळ्या घराला काळे कपडे शिवले, घोड्यांच्या कानांनासुद्धा काळ्या फिती बांधल्या, आणि तारीख ऑक्टोबरात ढकलली. ऑक्टोबर लागताच मदेरा बेटावर एक चुलत बहीण गेली. पुन्हा काळं.

 पेरेग्रिन कॉर्नवॉलला शेवाळ गोळा करायला निघून गेला. त्याच आठवड्यात ड्रुसिलाबाईही छातीत कफ झाला म्हणून समुद्राची हवा खायला दहा दिवस कॉर्नवॉलला गेल्या. युफेमियानं स्वतः स्टेशनवर जाऊन त्यांना निरोप दिला. ऑक्टोबरातली समुद्राची हवा, एक्याऐंशीचं वय. तिला आशा वाटत होती. पण सासूबाई गाल लाल करून परत आल्या आणि एक पौंड वजन वाढवून आल्या.

जानेवारीत नातेवाईक मरायचे थांबले. थंडी कडाक्याची, म्हातारी माणसं घरोघर, पण एकही हलेना. तेव्हा युफेमियाला लँबर्टमामांची आठवण झाली. हे तिचे सख्खे मामा बावीस वर्षांपूर्वी आफ्रिकेत फुलपाखरं पकडायला गेले आणि त्यांचा पत्ता लागला नाही. बावीस वर्षं ते जिवंत आहेत असं घरानं धरलं होतं. त्या मंगळवारी, दुपारच्या चहाला, ते वारले असं ठरलं. देह सापडला नसल्यानं सुतकाची मुदत दुप्पट.

मार्चमध्ये लँबर्टमामांचं पत्र आलं. प्रकृती ठीक आहे, लोकरीचे पायमोजे आणि संत्र्याचा मुरंबा पाठवावा. युफेमियानं पत्र वाचून खणात ठेवलं. सुतक एकदा धरलं की मेलेल्याच्या सांगण्यावरून मोडता येत नाही.

पण किती दिवस? सुतकं ताणता ताणता दुसरा हिवाळा आला. मोर्वेनाचा बाप तोंडावर म्हणाला होता, "बाईसाहेब, माझ्या घोड्या अकरा महिन्यांत वितात. हे लग्न त्याहून जास्त घेतंय." मोर्वेना मात्र तक्रार न करता कॉर्नवॉलला मावशीकडे राहायला गेली, आणि पेरेग्रिनच्याही तिकडे खेपा वाढल्या. तिकडे शेवाळ फार, असं तो म्हणायचा. आईनं डोळे मिटले. शेवाळ असतंच तिकडे.

सासूबाई मरत नाहीत, हे आता धरून चालायला हवं होतं. मग थोरलीची जागा दुसऱ्या कुठल्या वाटेनं रिकामी होते? युफेमियानं मानपानाचं जाड पुस्तक मांडीवर घेतलं. ती चार दिवस वाचत होती. (आयुष्यात एवढं वाचन तिनं आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही.) पाचव्या दिवशी सापडलं. विधवेनं दुसरं लग्न केलं तर तिची जागा जाते.

म्हणजे सासूबाईंचं लग्न लावायचं.

यात हसण्यासारखं काही नाही. घरात लग्नाची बाई असली की तिच्यासाठी स्थळ पाहणं हे घरच्या कर्त्या बाईचं कामच आहे. पेरेग्रिनलाही तसंच समजावलं, की घरात थोरल्या माणसाचं लग्न राहिलेलं असताना धाकट्याचं उरकणं घराण्याला शोभत नाही. आधी आजी, मग तू. पेरेग्रिननं भिंग पुसलं आणि म्हणाला, "आजीला विचारलंस का?"

विचारायला युफेमिया स्वतः तळ्यापलीकडे गेली. चाळीस वर्षांत तिची ही चौथी खेप. ड्रुसिलाबाई छत्री उघडून दिवाणखान्यात चहा पीत बसल्या होत्या.

"ये, सूनबाई. डावीकडे बस. उजवीकडे थेंब पडतो."

"सासूबाई, तुम्ही इथं एकट्या. मला तुमची फार काळजी वाटते."

"केव्हापासून?"

"एखादा चांगला, शांत, वयस्क माणूस सोबतीला असता तर..."

"कुत्रा देतेस का?"

"नवरा म्हणत होते मी."

ड्रुसिलाबाईंनी कप खाली ठेवला. सुनेकडे बघितलं. खिडकीतून तळ्यापलीकडच्या मोठ्या घराकडे बघितलं. मग छताकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर असं काही आलं की चहात साखर जास्त झाली असं वाटावं.

"बघायला काय हरकत आहे," त्या म्हणाल्या. "स्थळ दारी आणा. पण घरंदाज हवं हो."

पहिलं स्थळ लॉर्ड विंटरबोर्न. व्हायकाउंट, वय शहात्तर, तीन बायका पुरलेल्या. (हा अनुभव समजावा.) केक खाताना त्यांच्या टकलावर चार थेंब पडले, पाचवा केकवर. ते गेल्यावर ड्रुसिलाबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला.

"पाहुण्याच्या डोक्यावर पाणी! थॉर्नमियरच्या अब्रूवर पडलं गं ते. आणि तसाही व्हायकाउंट म्हणजे अर्लाच्या एक पायरी खाली. मला आता खाली उतरायला गुडघे साथ देत नाहीत."

त्याच आठवड्यात गवंडी आले. चाळीस वर्षं न झालेलं छप्पर अठरा दिवसांत झालं. कामावर देखरेख खुद्द ड्रुसिलाबाईंची. खुर्ची टाकून अंगणात बसायच्या आणि काठीनं दाखवायच्या, इथं शिसं घाला, तिथं कौल बदला, ते तिकडचं राहू द्या.

दुसरं स्थळ स्कॉटलंडचा एक मार्क्विस, वय चौऱ्याऐंशी. फेब्रुवारीत आला. शेकोटी पेटवली तशी धुरानं खोली भरली आणि म्हातारा खोकत खोकत भिंतीला मागणी घालू लागला. धुराडी उपसून नवी बांधावी लागली. या स्थळाला ड्रुसिलाबाई तयार होत्या. पण युफेमियाच्या ध्यानात आलं, की मार्क्विस अर्लाच्या वर. सासू मार्क्विसबाई झाली तर जन्मभर जेवायला तिच्या मागून जायचं. तिनं स्थळ परस्पर मोडलं. पत्रिका जुळत नाही असं कळवलं नाही, पण कळवलं ते त्याच जातीचं होतं.

तिसरं स्थळ ॲडमिरल सर बार्थोलोम्यू. वय एकोणऐंशी, दोन्ही कान तोफांना अर्पण केलेले. सासूबाईंनी त्यांना अर्धा तास न्याहाळलं. त्यांनी अर्धा तास मटण न्याहाळलं.

"याला ऐकू येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "संसार होईल. फक्त नवऱ्याला अंधारात कसं बसवू? दक्षिणेला एक मोठी खिडकी पाड. आणि स्वयंपाकघरात नवी चूल."

खिडकी पडली. चूल आली. मे महिन्यातली तारीख ठरली.

त्या दिवशी परगण्यातली एकोणतीसच्या एकोणतीस घरं गावच्या चर्चच्या अंगणात उभी होती. युफेमियानं मुकुट घातला होता. दिवसा मुकुट घालत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण आज सासूची जागा रिकामी होणार, पुढच्या महिन्यात मुलाचं लग्न होणार, आणि त्या मिनिटापासून ती थोरली होणार, नाव मागे आणि मान पुढे. मुकुट घालायचे दिवस थोडेच उरले होते, तेवढे तिनं वापरून घेतले.

दारात पाद्रीबाबा कागद घेऊन उभे होते. आत जायचा क्रम ड्रुसिलाबाईंनी स्वतः सांगून लिहवून घेतला होता. करड्या रेशमात त्या काठीवर रेलून शेजारीच उभ्या होत्या.

"आधी," पाद्रीबाबांनी वाचलं, "थॉर्नमियरची काउंटेस."

युफेमियानं पाऊल उचललं.

"तू थांब, सूनबाई," ड्रुसिलाबाई म्हणाल्या. "ती येतेय."

फाटकाशी गाडी थांबली होती. पेरेग्रिन उतरला. एका हातात शेवाळाची डबी, दुसऱ्या हातात लोकरीची इवलीशी टोपी. त्याच्यामागून मोर्वेना उतरली, आणि तिच्या कडेवर टोपीचा मालक.

"पोराला टोपी घाल गं आधी," ड्रुसिलाबाई ओरडल्या. "वारं सुटलंय."

"हे काय आहे?" युफेमियानं विचारलं.

"हे नाही, हा. तुझा नातू. अर्लाचा थोरला म्हणून जन्मतःच व्हायकाउंट आहे, जरा नीट बोल. सात महिन्यांचा झाला, दोन दात आलेत."

"पेरेग्रिन!"

"आई, मी तुला सांगणारच होतो," पेरेग्रिन चिखलाच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाला. "पण दर वेळी कुणीतरी मरत होतं."

"लग्नाला एकोणीस महिने झाले," ड्रुसिलाबाई म्हणाल्या. "मदेरावालीच्या सुतकात, कॉर्नवॉलच्या चर्चात. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. दाखवू?"

"तुम्ही मला सांगितलं नाहीत! एकोणीस महिने!"

"छप्पर व्हायचं होतं ना."

एकोणतीस घरांनी एकमेकांकडे बघितलं नाही. घरंदाज माणसं अशा वेळी झाडांकडे बघतात. त्या दिवशी त्या चर्चच्या अंगणातली झाडं जेवढी बघितली गेली तेवढी लावल्यापासून कुणी बघितली नव्हती.

"मग आजचं लग्न?" युफेमियाचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला.

"कुणाचं? माझं?" ड्रुसिलाबाईंनी काठी आपटली. "चाळीस वर्षं डोक्यावर छत्री धरून मी त्या जागेची राखण केली. ती एका बहिऱ्यापायी सोडू? कार्डावर थोरली आहे आणि शवपेटीवरही थोरलीच लिहायचंय, पाद्रीबाबा, लिहून ठेवा. आज बारसं आहे. चला आत."

ॲडमिरलना हे सगळं कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"जेवण आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग ठीक आहे."

पुढचं रीतसर झालं. युफेमियानं तिथंच, दारात, डोक्यावरचा मुकुट काढून मोर्वेनाच्या हातात दिला.  एकोणीस महिने आपण दुसरीच्या खुर्चीवर जेवलो, या एका गोष्टीनं तिला घरी आल्यावर दिवाणखान्यात भोवळ आली. त्या एकोणीस महिन्यांत तिनं वाटलेली भेटकार्डं चारशे बारा, सगळी खोटी. हॉब्डेला घोडागाडी देऊन ती परत मागवण्यात आली. चारशे नऊ मिळाली. उरलेल्या तिघी दरम्यान वारल्या होत्या, आणि त्यांच्या वारसांनी सुतकात असल्याचं कळवलं.

तिसऱ्या दिवशी पेटारे बांधले गेले. मोर्वेनानं नाही बांधले, ती रडवेली होऊन म्हणत होती, "आई, राहा ना इथंच, एवढं मोठं घर आहे." पण युफेमियानं तिला गप्प केलं. रीत म्हणजे रीत. रीत मोडून मिळालेल्या खोलीत झोप लागत नाही. पेटारे तिनं स्वतः बांधून घेतले, आणि चालत तळ्याला वळसा घालून गेली.

थोरलीच्या बंगल्याच्या दारात ड्रुसिलाबाई उभ्या होत्या. दार अरुंद, एका वेळी एकच बाई मावते. युफेमिया बाजूला थांबली. सासूबाई आधी आत गेल्या.

"ये गं," आतून आवाज आला. "इकडची हवा फार चांगली आहे. तुझी खोली उत्तरेची."

दक्षिणेची खिडकी सासूबाईंच्या खोलीत. नवं धुराडं सासूबाईंच्या खोलीवर. आणि त्या रात्री पाऊस आला तेव्हा युफेमियाला समजलं, की गवंड्यांना काठीनं दाखवलेलं "ते तिकडचं राहू द्या" म्हणजे कुठलं तिकडचं.

सकाळी टपालात एक कार्ड होतं. सिबिला, ब्रेकस्टोनची काउंटेस. मागे शाईनं लिहिलं होतं: "आपल्यासारखी आणखी एक शेजारीण आली, बरं वाटलं. चहाला यावं." बंगल्यात साखरेचा चिमटा नव्हता. युफेमियानं कार्ड बोटांनी उचललं, बराच वेळ धरलं, आणि मग ते जाळलं नाही. घड्याळाशी उभं करून ठेवलं.

सप्टेंबरात तिनं मोठ्या घरी अर्ज केला: उत्तरेकडच्या खोलीचं छप्पर गळतं, दुरुस्ती व्हावी. मोर्वेना मनानं चांगली पोरगी. अर्ज वाचून तिला वाईट वाटलं. पण घराणं नवं, रीत माहीत नाही, उगाच काही चुकायला नको, म्हणून तिनं टेबलाचा खण उघडला. आत निळ्या फितीनं बांधलेल्या चाळीस नकला होत्या, तारीखवार. अशा अर्जाला उत्तर काय जातं ते तिथं अगदी स्पष्ट होतं. तिनं सुंदर अक्षरात उतरवून काढलं: "पुढच्या वर्षी बघू."

युफेमियानं ते वाचलं. रागावली नाही. उलट सासूबाईंना म्हणाली, "शिकेल. हाताला वळण आहे पोरीच्या." सासूबाईंनी मान डोलावली आणि चाळीस वर्षांची छत्री तिच्याकडे सरकवली.

आता तुम्ही मनात म्हणत असाल, काय हे साहेबांचं खूळ, नाव आधी की मागे, यापायी पोराचं लग्न हुकवलं आणि नातवाचे सात महिने घालवले. म्हणा. तुम्हाला म्हणायचा अधिकार आहे. फक्त परवा पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली, तेव्हा चष्मा लावून तुम्ही आधी काय शोधलंत ते आठवा. आपलं नाव कितव्या ओळीत, धाकट्या जावेच्या वर की खाली, आणि "आग्रहाचे निमंत्रण"मध्ये आहे की नुसतं मुलांच्या यादीत. ते सगळं तुम्हाला अजून तोंडपाठ आहे.

बरं, नवरीचं नाव काय हो?

राहू द्या. पत्रिका काढू नका. पुढच्या वर्षी बघू.